फोनची भवानी

"भवानी झाल्याशिवाय फोन मिळणार नाही," थाम म्हणाली आणि लेकीच्या हातातला फोन काढून तिनं आंबवलेल्या माशांच्या बरण्यांमागे ठेवून दिला.

दिएपनं कपाळावर हात मारला. "आई, लोक भाव विचारून ताटकळलेत. मास्तर सांगतो, पाच मिनिटांत उत्तर गेलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं."

"जाऊ दे. सकाळी सकाळी नुसता भाव विचारणाऱ्यांनी अख्खा दिवस नासतो."

मास्तर म्हणजे सायगावचा एक चटपटीत पोरगा. छोट्या दुकानदारांना फोनवरूनच धंदा शिकवायचा. उत्तर झटपट द्या, भाव लपवू नका, घरचा फोन वेगळा आणि दुकानाचा वेगळा ठेवा. सगळं पटण्यासारखं होतं. पण चाउ डोकच्या बाजारात थाम नावाची बाई बसते हे त्या शहाण्याला कुठून ठाऊक असणार? मध्यंतरी एका बाईनं फोनवर पुन्हा पुन्हा भाव विचारला आणि ती गडप झाली, तर थामनं अवदसा जावी म्हणून कागद पेटवून फोनभोवती ओवाळला. फोनचं कव्हर वितळलं. वर म्हणते, बघ, किती वाईट पायाची बाई होती.

दिएपला फोनवरच्या धंद्याचं हे खूळ हौसेनं लागलेलं नव्हतं. सायगावजवळच्या बुटांच्या कारखान्यात तिची उमेदीची वर्षं गेली. मागच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिची चिमुरडी लेक बोंग तिला बघून आजीमागे लपली, आणि आजीलाच आई म्हणाली. तेतच्या, नव्या वर्षाच्या सणापर्यंत फोनवरचा धंदा उभा राहिला तर घरी राहायचं, नाहीतर मुकाट्यानं कारखान्यात परत जायचं, असं दिएपनं ठरवलं होतं.

आणि धंदा उभा राहत होता, तो 'पांढरं कमळ' नावाच्या गिऱ्हाइकामुळे. दुकानाची भवानी होऊन फोन हातात आला की पहिली ऑर्डर त्याचीच. घासाघीस नाही, चौकश्या नाहीत, कधी दोन बरण्या तर कधी पाच. पत्ता लाँग सुयेन शहरातल्या एका शिवणाच्या दुकानाचा. शेजारी एखादी खाणावळ असेल, असं दिएपनं धरलं होतं. त्याच भरवशावर परवा तिनं कारखान्याच्या मुकादमाला कळवून टाकलं की मी आता येत नाही.

आज मास्तरचा नवा धडा होता, सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून आभार माना. आई पाणी आणायला गेली होती. दिएपनं गळा साफ केला आणि कमळाचा नंबर लावला.

"दिएप का गं? बरं झालं तूच केलास," पलीकडून सहाव्या मावशीचा आवाज आला. मावशीनं तिथं खोली घेतल्याचं दिएपच्या कानावरच नव्हतं. "तुझ्या आईला सांग, आता पुरे. पलंगाखालीसुद्धा जागा उरली नाही. घरमालकीण वासानं रोज कटकट करते. तुझी आई पहाटे फोन करून उठवते आणि 'मागव, मागव' म्हणून माझं डोकं खाते. पैसे तिचे हे खरं, पण एवढे मासे मी खाऊ कधी?"

दिएपचं डोकंच फिरलं. आई हंडा घेऊन आली तशी ती तिच्या अंगावरच गेली. "आपलाच माल आपणच विकत घ्यायचा, वर पाठवण्याचा खर्चही आपणच भरायचा. हा कुठला धंदा, आई?"

थामनं हंडा खाली ठेवला. "फोनची भवानी कुणीतरी करायला हवीच ना. तो गप्प पडला की तू मुकादमाचा नंबर काढून बसायचीस."

"अगं, त्याच ऑर्डरींवर विसंबून मी परवा नोकरी सोडल्याचं कळवलं. माझी जागा दुसरीला देऊन मोकळे झाले ते. आता मी करू काय, सांग ना."

थामनं एका बरणीला झाकण लावलं, ते वाकडं बसलं. काढून परत लावलं, तरी तसंच.

"परत बोलावणार नाहीत?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, आई."

"मग उद्यापासून सहावीला नको म्हणून सांगते," थाम म्हणाली. "खर्च फार होतो."