दिव्याच्या मागे कोणी राहायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. घरातला नव्हे, सायकलच्या मागे लावायचा. माझं तोंड जन्मापासून मागे. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कधी दिसत नाही. मागे काय राहिलं ते मात्र नेमकं दिसतं. माणसं चढ चढून वर पोचतात आणि 'अहाहा, काय देखावा!' म्हणतात, तेव्हा मी तुडवून आलेला चिखल बघत असतो. नशीब एकेकाचं. पण तक्रारी ऐकवायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आत्ताच सांगायला हवी, कारण संध्याकाळ व्हायला आली आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. बायका ओळीने बसून आमच्या पोटात स्प्रिंग बसवायच्या आणि शेवटच्या टेबलावरची बाई प्रत्येकाचं बटण दाबून बघायची. मी पहिल्या खेपेला पेटलो नाही. तिने मला टेबलावर हलकेच आपटलं, मग पेटलो. "हा मार खाल्ल्याशिवाय ऐकायचा नाही," असं ती शेजारणीला म्हणाली. तो स्वभाव मला आजतागायत चिकटला आहे.

दुकानाच्या काचेच्या कपाटातून मला मामांनी उचललं. मामा कारखान्यात लेथ मशीनवर होते. त्यांची सख्खी भाची एकच, पण सगळं जग त्यांना मामाच म्हणायचं. दर रविवारी सकाळी ते मला उघडायचे आणि आतली पत्र्याची पट्टी खोडरबरने घासून लख्ख करायचे. मला गुदगुल्या व्हायच्या. मामांचं तोंड मात्र कायम चालू. त्यांना कोणी साधं "चहा घेणार?" विचारलं, तरी "नाही, विहिरीत ओतणार," असं उत्तर यायचं. सरळ 'हो' त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. भाची लहानपणी त्यांच्याच घरी वाढली, सायकलही त्यांच्याकडूनच शिकली, त्यामुळे तिला या बोलण्याचा राग येत नसे. उलट मामा तिरकं बोलले नाहीत तर ती त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

मामांनी सायकलवाल्यांचं एक छोटं टोळकं जमवलं होतं. सगळ्यांत पुढे बँकेतला कॅशिअर, त्याला सदा घाई. मधे बेकरी चालवणारे दोघे भाऊ आणि भाची. सगळ्यांत शेवटी मामा, आणि मामांच्या सीटच्या दांड्यावर मी. टोळक्याचा नियम एकच होता, दिव्याच्या मागे कोणी राहायचं नाही. प्रत्येक फाट्याला पुढचे थांबायचे, मी दिसलो की कोणीतरी ओरडायचं, "दिवा दिसला, सगळे आले," आणि मग निघायचे. डोकी मोजायची गरजच नसायची. मित्रांनो, तेव्हा माझी छाती किती फुगायची म्हणून सांगू! पाच माणसांचा भरवसा माझ्या एका ठिपक्यावर होता.

पुढे बाजारात डोळे मिचकावणारे, रंग बदलणारे दिवे आले. कॅशिअर म्हणाला, मामा, हे म्हातारं आता फेकून द्या. मामा म्हणाले, आधी मला फेका. बोलले खरं, पण त्यांचीही नजर मंदावत चालली होती. एकदा त्यांच्या हातून मी फरशीवर पडलो आणि माझ्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. रविवारची घासपूस हळूहळू बंद पडली, पट्टीवर गंज चढला. सेलही जुनाच राहिला. कोणी मुद्दाम केलं नाही, पण व्हायचं ते झालं.

अशातच कॅशिअरने त्याच्या मोबाइलमधल्या नकाशावर एक नवी वाट शोधली. बारीक रेघ होती, डोंगराच्या खांद्यावरून पलीकडे उतरणारी. आमच्यापैकी कोणीच तिकडे गेलेलं नव्हतं. एका दुपारी सगळे निघाले. पायथ्याच्या शेवटच्या घरापाशी एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती. ही वाट वर जाते का, असं भावांनी विचारलं. जाते, म्हणाली. मग तिने आमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं, आणि विचारलं, "तुम्ही आत्ता आलात? मग मघाशी वर गेला तो दिवा कोणाचा?"

कॅशिअर खूश झाला. म्हणजे दुसरं टोळकंही आहे, वाट चालू आहे, असं त्याने ठरवूनच टाकलं. मी मात्र जाताना मागे बघत होतो, माझं कामच ते. ती बाई कपडे काखेत घेऊन तशीच उभी होती. मग आम्ही वळणाआड व्हायच्या आधीच तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

चढ लागला आणि धुकं उतरलं. वाटेवर घोट्याएवढा चिखल होता. मामांच्या सायकलची चेन उतरू लागली. बसवावी, दोन वळणं जावं, पुन्हा खळ्ळकन उतरावी. दोन फाट्यांवर सगळ्यांना ताटकळावं लागलं आणि कॅशिअरने घड्याळाकडे बघून तोंड वाकडं केलं. ते मामांना लागलं. आयुष्यभर सगळ्यांना सांभाळून आणणाऱ्या माणसासाठी लोकांनी थांबायचं, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडणारी नव्हती. तिसऱ्यांदा चेन उतरली तेव्हा त्यांनी मला दांड्यावरून काढलं आणि भाचीच्या सायकलला लावलं. तू पुढे हो, फाट्यावर दिवा दाखव म्हणजे ते निघतील, मी चेन बसवून आलोच, असं त्यांचं म्हणणं.

"मामा, दिव्याच्या मागे कोणी राहायचं नाही. नियम तुझाच आहे."

"माझा आहे ना? मग मोडीन नाहीतर लोणचं घालीन. नीघ."

ती निघाली. मी मामांकडे बघत राहिलो. ते वाकून चेनशी झटत होते, हात काळे झाले होते. आधी त्यांचे पाय धुक्यात गेले, मग सायकल, मग पांढरं डोकं. मित्रांनो, मी इतकी वर्षं मागे बघत आलो, पण माझ्या मागे राहिलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

फाट्यावर पुढून ओरड आली, "दिवा दिसला, सगळे आले!" आणि पुढचे निघाले. भाचीने एक पाय जमिनीवर टेकवून, मान न वळवता विचारलं, "मामा, आलास का?"

मागून आवाज आला, "हो."

आवाज मामांचाच होता. ती निश्चिंत होऊन पॅडल मारू लागली. मलाही हायसं वाटलं. धुक्यात एक सायकल दिसत होती, वर वाकलेला माणूस. आम्ही थांबलो की ती थांबे, आम्ही निघालो की निघे. पण चेनची खळखळ येत नव्हती. पुढच्या वळणावर भाचीने पुन्हा विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर आलं, "हो, चल." तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढं दमल्यावर, एवढ्या चिखलात, मामा सरळ 'हो' म्हणतील? दोनदा?

मग ती सायकल जवळ आली. माझा उजेड तिच्या पुढच्या चाकावर पडला. चाक स्वच्छ होतं. आमची चाकं चिखलाने लडबडलेली, आणि त्या चाकाला एक थेंब नव्हता. वरचं तोंड मला दिसलं नाही, आणि दिसलं नाही ते बरंच झालं.

मला ओरडता येत नाही. दिव्याला येतं ते एवढंच, पेटणं आणि विझणं. मी विझलो. पेटलो, पुन्हा विझलो. जुना सेल, गंजलेली पट्टी, त्यामुळे तसं झालं असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. भाचीला माझा लाल उजेड चिखलावर लुकलुकताना दिसला. मामाने या वेळी पट्टी घासली नाही वाटतं, असं पुटपुटत ती उतरली, मला एक चापट मारायला मागे वळली, आणि मागे कोणी नव्हतं.

तिने वाटेवर नजर टाकली. पुढे गेलेल्यांच्या खुणा सोडल्या तर चिखलात टायरची खूण एकच उमटली होती आणि ती तिच्या सायकलपाशी येऊन संपत होती. तिने मला काढून मुठीत घेतलं आणि गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकली. कॅशिअर आणि दोघे भाऊ धापा टाकत परत आले. मामा मागे राहिलाय, एवढंच ती त्यांना सांगू शकली. सगळे उलटे खाली उतरू लागले, ती सर्वांत पुढे. तिच्या हातात जन्मात पहिल्यांदा माझं तोंड पुढे होतं. मी किती हौसेने वाट पाहिली होती या दिवसाची, काय सांगू.

चेन उतरली होती त्या जागी मामा नव्हते. पण उजवीकडे, वाटेपासून थोड्या अंतरावर, धुक्यात एक लाल दिवा दिसत होता. कॅशिअरला हुश्श झालं. "तो बघ दिवा. मामा तिथेच आहेत."

भाची हळूच म्हणाली, "दिवा माझ्या हातात आहे."

कोणी हललं नाही. मी त्या दिव्याकडे बघितलं. त्याच्या काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा होता.

भाचीने हाक मारली, "मामा, कुठे आहेस?" त्या दिव्याकडून मामांचा आवाज आला, अगदी मायेने भिजलेला, "इथे आहे बाळ, ये." कॅशिअरने पाऊल उचललं. तिने त्याची बाही घट्ट धरली आणि कान देऊन उभी राहिली. मग डावीकडून, खालच्या झुडपांतून, दुसरा आवाज आला. खोल आणि दमलेला.

"मेलो नाहीये अजून. गावजेवण घातल्यासारखी बोंबलतेस कशाला?"

ती रडायलाच लागली. "हा माझा," म्हणाली, आणि झुडपांत घुसली.

मामा उतारावर एका खोडाला अडकून पडले होते. पाय सायकलखाली मुरगळून गेला होता. खोडापलीकडे हातभर गवत आणि त्यापुढे नुसती पोकळी. भावांनी त्यांना खांद्यावर घेतलं. वाट सोडून इकडे कशाला आलात, असं कॅशिअरने विचारलं तेव्हा मामा म्हणाले, दिवा तेव्हा इकडेच दिसत होता ना, थांबला होता माझ्यासाठी, मला वाटलं भाची थांबलीय. मग त्यांनी भाचीच्या मुठीत मला पाहिलं, आणि भावांचे खांदे घट्ट धरले. खाली उतरताना भाचीने मला पुढे तोंड करून धरलं होतं, त्यामुळे मागून कोण येत होतं ते मला ठाऊक नाही.

आता मामांचा पाय सायकल चालवायच्या लायकीचा राहिलेला नाही. ते वरच्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. मी समोरच्या फळीवर आहे, तोंड खोलीकडे. घरी आल्या आल्या मामांनी माझा सेल काढून टाकला. असा दिवा पुन्हा पेटायला नको, म्हणाले. मी रागावलो नाही. टोळकं आता दिवा लावतच नाही. एकमेकांना नावाने हाक मारतात आणि प्रत्येकाने आपापल्या खास पद्धतीने वाकडं उत्तर द्यायचं, असा नवा नियम आहे. सरळ 'हो' आला की सगळे जागच्या जागी थांबतात आणि वळून तोंड बघतात. मित्रांनो, तुम्हीही तसंच करा. बरोबर निघालेल्या माणसाच्या बोलण्याची ढब ओळखून ठेवा. दिवा कोणाचाही असू शकतो.

भाची रोज संध्याकाळी कामावरून थेट इथे येते. जिना चढतानाच हाक मारते, "मामा, आहेस का?" आणि मामा खुर्चीतून ओरडतात, "नाही, गेलो फिरायला." मग दोघंही हसतात. माझा दिवसभरातला आवडता क्षण तो.

आत्ता तिची पावलं जिन्यात वाजली. तिने हाक मारली. मामा माझ्या समोर खुर्चीत आहेत. मान कलली आहे, गाढ झोप लागली आहे, ओठ मिटलेले आहेत.

आणि या खोलीतून उत्तर गेलं आहे, "हो, ये."

पावलं पायरीवर थांबली आहेत. ती कान देऊन उभी असणार. मी तिच्याकडे बघू शकत नाही, मामांना उठवू शकत नाही, साधं लुकलुकूही शकत नाही. मित्रांनो, माझी पट्टी गंजलेली असू दे, काच तडकलेली असू दे, मला काही नको. तेवढा एक सेल कोणीतरी माझ्यात घाला.