राजेळी केळ्यांची सोनेरी वाइन

मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर लोणच्याची बरणी! नाही मित्रांनो. कैरीचा वासही मला कधी लागला नाही. वसईच्या एका वाडीत, खिडकीखालच्या फळीवर बसून वाइन निवळेपर्यंत सांभाळणे, हेच माझे आयुष्यभराचे काम.

माझा जन्म भट्टीत झाला. कारागिराने फुंकर घालताना एक हवेचा बुडबुडा माझ्या काचेतच राहून गेला. त्या खोटीमुळे मी स्वस्तात विकली गेले आणि क्लेमेंटीनबाईंच्या घरी आले. त्यांची सून व्हेरोनिका तेव्हा नवी नवरी होती. शेजारच्या बागायतदार मथुराबाईंकडून राजेळी केळ्यांचा घड यायचा. केळी शिजवून, गाळून, साखर आणि खमीर घालून तो रस माझ्या पोटात ओतला जायचा. मग काही दिवस माझ्या अंगात नुसती कुजबुज चाले. बुडबुडे वर येत, फुटत, पुन्हा येत. हळूहळू ती कुजबुज थांबे, गाळ तळाशी निजे आणि मलाही गुंगी येई. दुपारचे ऊन खिडकीतून आले, की समोरच्या भिंतीवर मधाच्या रंगाचा एक डाग हलत राही. तो पाहत मी कित्येक महिने काढले आहेत.

"फडकं पिळू नको, बरनी हलवू नको," क्लेमेंटीनबाई सुनेला सांगत. "नळीचं टोक गाळाच्या चार बोटं वर धर. तळाची वाइन राहिली तर राहू दे. लोभ केलास की सगळी गढूळ."

व्हेरोनिका ते शिकली. सासू गेल्यावर तिची वाइन आळीभर नावाजली. नाताळ असो की लग्न, लोक पेला उजेडात धरत आणि मान डोलवत. तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

गेल्या वर्षी तिच्या नातीचे, अ‍ॅनिशाचे, लग्न ठरले. अ‍ॅनिशा विरारला चंदनसारमध्ये राहून नोकरी करते. लग्न जानेवारीत होते. व्हेरोनिकाने पावसाच्या आधीच मला काठोकाठ भरले. ऑक्टोबरपर्यंत वाइन इतकी नितळ झाली, की माझ्यातून पलीकडचे केळीचे पान शिरेशिरेसकट दिसत होते.

पण व्हेरोनिका माझ्यासमोर वाकली आणि पुटपुटली, "अजून धुकंच हाय."

तिने सगळी वाइन उपसली, फडक्यातून गाळली, पुन्हा भरली. निजलेला गाळ उठला. पंधरा दिवसांनी तो बसला, तर तिला पुन्हा धुकेच दिसले. पुन्हा गाळणे, पुन्हा भरणे. दरवेळी थोडी वाइन कमी होई. तिला ओरडून सांगावेसे वाटे, 'अगं, निवळली आहे!' पण काचेला कुठली वाचा?

नोव्हेंबरच्या एका दुपारी ती माझ्याशेजारी बसून रडली. "माझा हातच गेला. पोरीच्या लग्नात लोकांना काय असलं पानी पाजू?" डोळे पुसून तिने मला उचलले आणि परसात माडाच्या आळ्यापाशी नेले. मला तिरपे केले. थोडी वाइन मातीत सांडलीही.

"अगो, थांब! काय करतेस?" कुंपणावरून मथुराबाईंची हाक आली. त्या धावतच आल्या. "माझ्या केळ्यांची वाइन मातीला पाजतेस?"

"गढूळ हाय गो."

मथुराबाईंनी मला कट्ट्यावर ठेवले. गाळ थोडाच हलला होता; तासाभरात तो पुन्हा तळाशी बसला. मग मथुराबाईंनी लग्नाची पत्रिका आणून माझ्यामागे धरली आणि माझ्यातून बघत अ‍ॅनिशाचे नाव, तारीख, चर्चचे नाव घडाघडा वाचले. "आता तू वाच."

व्हेरोनिकाला वाचता येईना. मथुराबाईंनी पत्रिका माझ्यामागून काढून सरळ तिच्या हातात दिली. तरीही येईना.

"बाय," मथुराबाई हळूच म्हणाल्या, "वाइन नाय गढूळ झाली. तुझा डोळा गढूळ झालाय."

त्याच आठवड्यात अ‍ॅनिशा रजा घेऊन आली आणि तिने आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतले. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. म्हणून बाटल्या भरायला अ‍ॅनिशा बसली आणि आजी खुर्चीवरून सांगू लागली.

"आजी, अजून दोन बाटल्यांपुरती आहे. बरणी तिरपी करू?"

"नको गो. राहू दे तिला तळाशी."

नळीतून सोन्याची धार उतरत गेली. अकरा बाटल्या भरल्या. व्हेरोनिकाने एक उजेडात धरली आणि कितीतरी वेळ धरूनच ठेवली. मग बाटलीआडून तिची नजर मदतीला आलेल्या मथुराबाईंवर गेली.

"मथुरा! तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

तिघी इतक्या हसल्या, की माझी काचही किणकिणली.

मित्रांनो, घरातले कोणी चांगल्या वस्तूला पुन्हा पुन्हा नावे ठेवू लागले, तर त्यांना हट्टी म्हणू नका. जवळ बसा, एखादा कागद हातात द्या आणि वाचून दाखवायला सांगा. धुके आपल्याच डोळ्यांत आहे, हे माणसाला एकट्याला कळत नाही. आणि मला? मला फक्त हलक्या हाताने धुऊन उन्हात पालथी घाला.