नजरेची सुई

दोरिंदाच्या दाराशी अख्खं गाव लोटलं होतं आणि मांत्रिक रेमिशिओ पायरीवर उभा राहून घसा साफ करत होता. त्याने हातातली तिसरी, खाडीतली खायची शिंपली, उंच धरली. शिंपल्याला बारीक, गोल, सुबक भोक. आत मांसाचा कण नाही. खाडीत वर्षभर अशाच रिकाम्या तिसऱ्या निघत होत्या.

"ही नजरेची सुई. या बाईने बघितलं की जीव भोकातून बाहेर! हिला तिसऱ्यांच्या घमेल्यासकट तीन दिवस कोंडा. भोक पडलं तर हीच ती. घमेल्यात घालायची रेतीसुद्धा मी मंत्रून आणलीय."

त्याच्या पेटीत विकायला ताईत होतेच. ते न घेणारी गावात दोरिंदा एकटीच, हा योगायोग कुणालाच खटकला नाही. दोषी ठरली तर खाडीवर पाऊल ठेवायचं नाही, असं ठरलं. तिसऱ्या वेचण्यावाचून विधवा दोरिंदाचं पोट दुसऱ्या कशावर चालत नव्हतं.

"वहिनी, माझा इलाज नाही गं," असं म्हणत नणंद ओब्दुलियाने खिडकीवर फळ्या ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी घमेल्यात एक भोकाची तिसरी निघाली. दोरिंदा गारठली. आत दुसरं कुणीही नव्हतं. खरंच माझ्या डोळ्यांत विष असेल? तिने डोळ्यांवर फडकं बांधलं आणि घमेल्याकडे पाठ करून बसून राहिली.

तिसऱ्या सकाळी फडकं सोडलं, तर आणखी एक.

आता मात्र तिला भीतीपेक्षा राग आला. न बघता नजर कशी लागली? तिने दोन्ही हात रेतीत खुपसले. हाती आली एक गुळगुळीत गोगलगाय, बुळबुळीत पायात तिसरी घट्ट गुंडाळून बसलेली. पाय बाजूला सारला तर शिंपल्यावर अर्धवट कोरलेला खळगा.

दार उघडताच रेमिशिओने रिकामे शिंपले उचलले. "बघा लोकहो!"

"हेही बघा," म्हणत दोरिंदाने गोगलगाय तिच्या तिसरीसकट पाण्याच्या ताटलीत सर्वांपुढे ठेवली. "रेतीबरोबर हीसुद्धा मंत्रून आणलीत का?"

"गोगलगाय कधी शिंपला फोडते का, बाई?"

"फोडत नाही, कोरते. भोक अर्धं झालंय. बसा इथेच, उरलेलं तुमच्यादेखत पाडेल."

सगळे बसले. संध्याकाळी भोक आरपार झालं, तेव्हा रेमिशिओ पेटीसकट पसार झालेला होता.

ओब्दुलियाचा चेहरा पडला. "वहिनी, पण ही तर तिसऱ्या उकरताना आपल्या दाताळ्यात रोज येते."

"येते. बाजारात कुणी घेत नाही म्हणून आपणच तिला परत चिखलात टाकतो, तुम्ही आणि मीही. वर्षभर आपल्याच हातांनी आपण हिला तिसऱ्यांत सोडत आलो." दोरिंदा गावाकडे वळली. "कळत नाही ते आधी हातात घेऊन बघा. माणसाला कोंडायला तीन दिवस दिलेत, रेती उकरायला तीन मिनिटं पुरली असती."