न फुटणारी संख्या

चिंगीने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि शेवटचा भागाकार मांडला. एक लाख चार हजार सातशे एकोणतीस भागिले तीनशे सतरा. बाकी उरली एकशे एकोणीस.

"मेली भागच जात नाही!"

शेजारच्या खाटेवरच्या बाई दचकल्या. चिंगी म्हणजे एकाहत्तर वर्षांची म्हातारी, आत्ता थोड्या वेळात हृदयाचं ऑपरेशन, आणि हिचं आपलं भलतंच चाललेलं.

हा खेळ भावाबहिणीचा, शाळेपासूनचा. एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशा दोन मूळ संख्या घेऊन दादाने त्यांचा गुणाकार सांगायचा, चिंगीने ती जोडी हुडकून काढायची. दादा घड्याळं दुरुस्त करायचा, ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. पण खेळ कधी सुटला नाही, आणि साठ वर्षांत दादाचा गुणाकार एकदाही चुकला नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली त्याच दिवशी त्याने ही संख्या सांगितली होती. आठ दिवसांत दोनपासून तीनशे सतरापर्यंतच्या सहासष्टच्या सहासष्ट मूळ संख्या लावून झाल्या. पुढच्या मूळ संख्येचा वर्गच या संख्येहून मोठा, म्हणजे जोडीतली धाकटी याहून मोठी असूच शकत नव्हती. म्हणजे ही संख्या स्वतःच मूळ, आणि दादा कुठेतरी हातचा विसरला.

गेल्या महिन्यात त्याचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. तेव्हा ती पोट धरून हसली होती. आता तिला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. वहिनी जाऊन चार वर्षं झालेली. याचं डोकं चालेनासं झालं तर याच्याकडे बघणार कोण? बिचारा माझा दादा!

तिने फोन लावला. त्याची चूक काढायची नाही, एवढं तिने पक्कं ठरवलं होतं.

"दादा, हरले रे. नाही जमलं."

"तू? कितीपर्यंत गेलीस?"

"तीनशे सतरा."

"मग हरलीस कशी? जोडी नाहीच तिला. मुद्दाम मूळ संख्या दिली."

"मुद्दाम? अरे मेल्या, आठ दिवस जीव टांगणीला लागला माझा! मला वाटलं, तुझं डोकं गेलं!"

"वाटावं म्हणूनच दिली. चिंगे, आठ दिवस भागाकार केलेस, वर माझ्या डोक्याची काळजी. ऑपरेशनची किती केलीस?"

सिस्टर स्ट्रेचर घेऊन दारात आली होती. तिला पाहताच चिंगीने कागद पालटून कोरी बाजू वर केली.

"दुसरी सांग," ती म्हणाली. "लवकर सांग, न्यायला आलेत."

दादाने एकेक करत सहा आकडे सांगितले. तिने ते लिहून घेतले.

"ही तरी फुटते ना रे?"

"ते तू बाहेर येऊन मला सांगायचं."