ढगाखालचं गाव

बेबीची पन्नाशी उलटली होती, तरी घरात ती बेबीच. दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात उपटायची आणि संध्याकाळी आईकडे आली की पुन्हा धाकटी लेक व्हायची. बाबा गेल्यापासून तर रोजच यायची.

एका सुट्टीच्या दुपारी ती आईकडे असताना दारात काठी टेकत एक म्हातारा उभा राहिला. धापा टाकत म्हणाला, "तुझ्या बाबांचं विमान मी चालवायचो."

बाबा लढाईत बॉम्बफेकी विमानावर होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मांडीवर नकाशा घेऊन वैमानिकाला दिशा सांगायची, हे त्यांचं काम. घरात त्याची कायम थट्टा व्हायची. कारण कुणी साधा पत्ता विचारला तरी बाबा "दुसऱ्या कुणाला तरी विचारा हो," म्हणून काढता पाय घ्यायचे.

बेबीने हसत हसत हे पाहुण्याला सांगितलं. तो हसला नाही.

"एकदा खाली नुसता ढग होता," तो म्हणाला. "तुझे बाबा म्हणाले, आलं, हेच ते. आम्ही बॉम्ब सोडले. परत फिरल्यावर ढग जरा फाटला आणि खाली नदी दिसली. नकाशाप्रमाणे ती तिथे असायलाच नको होती."

बेबीने विचारलं, "म्हणजे भलत्याच गावावर टाकले?"

"शेपटीकडच्या बंदुकीवरचा आमचा गडी तसंच म्हणायचा. मी म्हणायचो, बॉम्ब बरोबर पडले, आपण नंतर वाऱ्याने भरकटलो. चौकशीत काहीच निघालं नाही. पण तुझे बाबा भेटले की त्यांचा पहिला प्रश्न तोच, 'तुला काय वाटतं रे?'"

"मग तुम्हाला काय वाटतं?"

म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. "आधी खरंच वाटायचं, की बरोबर होतं. पण त्याला इतक्या वेळा तेच सांगितलं, की आता माझं मलाच कळत नाही, पोरी."

त्याला रिक्षात बसवून ती तडक स्वयंपाकघरात गेली. "आई, तुला हे माहीत होतं?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं त्यांनी," आई शेंगा सोलता सोलता म्हणाली. "गाव चुकलं खरं, पण ते रिकामं होतं म्हणे. माणसं आधीच निघून गेली होती."

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

आईचे हात थांबले. "ते नाही गं विचारलं मी. कसं विचारणार?"

बेबीला काही कळेना. बाबांवर चिडावं, तर कशासाठी? त्यांची कीव करावी, तर तीही कशाबद्दल? गाव बरोबर असलं, तरी तिथेही माणसं असणारच की. हा विचार मनात आला आणि ती आईसमोर बसून शेंगा सोलायला लागली.

जेवणं झाल्यावर आईने कपाटातून बाबांचा गणवेशातला फोटो काढला. जिवंतपणी त्यांनी तो कधी भिंतीवर लावू दिला नव्हता. "आता लाव," आई म्हणाली.

फोटोतले पोरगेले बाबा मोकळेपणाने हसत होते. फोटो त्या बॉम्बच्या दिवसाच्या आधीचा असेल की नंतरचा? आईलाही आठवेना. बेबीने खिळा ठोकला, फोटो लावला आणि हातोडी हातात धरून तशीच उभी राहिली.

"रडतेस कशाला?" आईने विचारलं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली.