मला काचेवर फिरवून बघा

मी एक जुना पितळी डार्ट आहे, आणि मी वाकडा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल, तर ते नेमकं उलटं आलं असेल.

मित्रांनो, डार्ट म्हणजे हाताने फेकायचा छोटा बाण. समोरच्या गोल बोर्डावर आकड्यांचे भाग असतात आणि अगदी कडेला एक बोटभर रुंदीची पट्टी असते. तिला डबल म्हणतात. शेवटचा नेम त्या पट्टीत बसला तरच डाव जिंकता येतो. माझं सगळं आयुष्य त्या पट्टीसाठी गेलं.

माझा जन्म सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, दुकानात झाला. दुकान मल्लप्पांचं. ते यंत्रमागांचे सुटे भाग तयार करून देत. त्यांची मुलगी दानेश्वरी लहान असताना गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायच्या गाड्यावर उभी राहिली आणि तिने एकही फुगा शिल्लक ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा येताना बघून गाडेवाल्याने हातच जोडले.

"बाई, दुसरीकडं जा की! माझ्या पोटावर पाय देती व्हय?"

मल्लप्पा पोट धरून हसले. घरी येऊन त्यांनी मागाच्या बुशांसाठी, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या नळ्यांसाठी, आणलेल्या पितळी सळईतून तीन डार्ट काढले, त्यांना पोलादी टोकं बसवली. त्यातला तिसरा मी.

मल्लप्पांची एक पद्धत होती. दुकानातून बाहेर जाणारी गोल वस्तू ते आधी काचेवर फिरवून बघत. टोक काचेच्या कडेबाहेर ठेवायचं आणि वस्तू हलकेच पुढेमागे फिरवायची. ती जराशी जरी वाकडी असली तरी टोक थरथरतं. माझं टोक जागचं हललं नाही. "सरळ हाय. लेकीला दे," असं म्हणत त्यांनी मला शिवम्माच्या, म्हणजे दानेश्वरीच्या आईच्या हातात ठेवलं. शिवम्माने हसून मला हळदकुंकू लावलं. पुढे दर खंडेनवमीला लेथच्या हत्यारांशेजारी मी पूजेत असायचो.

दानेश्वरीने माझ्या मानेवर नेलपॉलिशचं लाल कडं काढलं, म्हणजे मी ओळखू यावा. माझ्या दोघा भावांना, म्हणजे उरलेल्या दोन डार्टना, ती आधी फेकायची आणि मला शेवटी. शेवटचा नेम माझा! जिल्हा जिंकला, राज्य जिंकलं. पेपरात फोटो आला, तेव्हा तिच्या बोटांत मीच होतो. तिच्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या डब्याशेजारी मी गावोगाव फिरलो. मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

पण जिंकूनही परदेशी जाणाऱ्या संघात तिचं नाव येत नव्हतं. दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी वय, कधी कागद, कधी नुसतंच "पुढच्या वेळी बघू". ती रडायची, आणि मला तिचा राग कधीच आला नाही, कारण तिच्यावर अन्याय होत होता हे खरंच होतं.

मग पुण्यातला तो अंतिम सामना आला. समोर राजनंदिनी नावाची खेळाडू होती, डार्ट संघटनेच्या सचिवांची भाची. सामन्याआधी सचिव दानेश्वरीला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "आजचा दिवस राजनंदिनीला जाऊ दे. संघात तुझं नाव मी स्वतः घालतो." मी तिच्या मुठीत होतो. ती नाही म्हणेल, असं मी धरूनच चाललो होतो. ती मला घेऊन तशीच आत खेळायला गेली.

शेवटचा नेम उरला. पट्टी समोर, अंतर रोजचं, हात रोजचा. तिच्या बोटांनी मला मुद्दाम लवकर सोडलं. मित्रांनो, फेकणारा जगाला फसवू शकतो, पण त्याच्या बोटांत असलेल्याला कसं फसवणार? मी पट्टीबाहेर जाऊन रुतलो आणि सामना गेला.

प्रेक्षक गप्प बसले नाहीत. दानेश्वरीचा असा नेम चुकतो का? सामना सोडला म्हणून ओरडा झाला, मोबाइल पुढे आले. तेव्हा तिने मला उंच धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "डार्टच वाकडा हुता. घरी केलेला, जुना. ह्यानंच दगा दिला."

दगा! आणि मी दिला!

संघटनेची चौकशी बसली. मल्लप्पांना सोलापुराहून बोलावून घेतलं. टेबलावरून मला त्यांच्या हातात दिलं गेलं. त्यांनी माझ्या शेपटाची पिसं काढली, बोटाने माझी पाठ चाचपली, आणि ते थांबले. मी सरळच आहे हे त्यांना कळलं होतं. मी वाट बघत होतो, की आता ते काच मागतील. नुसती एक काच! त्यांनी लेकीकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"व्हय, वाकडा हाय," मल्लप्पा म्हणाले. "टोक बसवताना माझ्याच हातनं चूक झाली. पोरीचा काय दोष न्हाय."

समोर बसलेल्या संघटनेच्या लोकांनाही तेच ऐकायचं होतं. त्यांनी चौकशी मिटवून टाकली. महिन्याभरात दानेश्वरीचं नाव संघात आलं.

मल्लप्पा मला घरी घेऊन आले, पण इकडे दुकानात गिऱ्हाइकं हसू लागली. "लेकीचा डार्ट सरळ करता आला न्हाय, आमचा शाफ्ट काय करणार?" असं म्हणून माग चालवणारे दुसरीकडे जाऊ लागले. मल्लप्पांनी कुणाला एका शब्दाने उत्तर दिलं नाही. त्यांचं ते गप्प बसणं मला तिच्या आरोपाइतकंच लागलं, कारण माझ्याबरोबर त्यांनी स्वतःचं नावही घालवलं होतं.

खंडेनवमीला दानेश्वरी परदेशातून घरी आली, नवे महागडे डार्ट घेऊन. शिवम्मा हत्यारं मांडत होती. मल्लप्पांनी मला कप्प्यातून काढलं आणि लेकीसमोर काचेवर फिरवलं. माझं टोक जागचं हललं नाही.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "सरळ हाय की ह्यो."

"मला ठाव हाय."

"मग तवा का बोलला न्हाईत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो हुतो."

ती खूप रडली. माझ्या लाल कड्यावर बोट ठेवून म्हणाली, "सांगते अप्पा, सगळ्यांना सांगते." त्या दिवशी मी पुन्हा पूजेत बसलो. आता माझं नाव धुतलं जाणार म्हणून आनंदलो. वेडाच मी!

दानेश्वरी आज मोठी खेळाडू आहे. शाळाशाळांतून तिला भाषणाला बोलावतात. तिथे ती एक गोष्ट नेहमी सांगते: एका जुन्या, वाकड्या डार्टमुळे हातातला सामना कसा गेला, म्हणून मुलांनो, आपली साधनं तपासून घ्या. मुलं टाळ्या वाजवतात. मल्लप्पा ते मोबाइलवर बघतात आणि मोबाइल पालथा ठेवतात.

मित्रांनो, आपली चूक मुक्या वस्तूवर ढकलू नका. तिला उलट बोलता येत नाही, आणि तिच्यामागे ती घडवणारा माणूस उभा असतो. चारचौघांत आरोप केला असेल, तर चूकही चारचौघांतच कबूल करा. घरात रडून ती भरून येत नाही.

ती एक दिवस तुमच्याही शाळेत येईल. ती गोष्ट सांगेल तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी तुमच्यातल्या एकाने तरी हात वर करा आणि एवढंच विचारा: "ताई, तो डार्ट तुम्ही काचेवर फिरवून बघितला होता का?"