एकाच सभेचा खेळ

आमोदच्या खेळात काहीही खेळता यायचं. गडाचा वेढा, बुडणारं जहाज, चंद्रावरचं हॉटेल. टेबलाभोवती बसायचं, एकेक पात्र घ्यायचं, आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगणार. 'सर्वत्र' हे त्याचं नियमांचं पुस्तक मित्रमंडळात दर रविवारी उघडलं जाई आणि प्रियदर्शनीनेही त्यात मनसोक्त लढाया मारल्या होत्या.

तिने स्वतः केलेला खेळ मात्र एकाच गोष्टीचा होता. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा.

"म्हणजे लोक ज्याला दांडी मारतात, ते तू सुट्टीच्या दिवशी हौसेने करायला लावणार," आमोद पहिल्यांदा ऐकून म्हणाला होता. "धन्य आहे."

ऋतिकाताईंना खेळ आवडला होता, पण पचत नव्हता. पुण्यात गुलटेकडीला एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं छोटंसं प्रकाशन होतं, मराठी खेळांचं. "फक्त सभा?" त्या म्हणाल्या. "अगं, हे घेणार कोण? त्यापेक्षा आमोदच्या पुस्तकात एक प्रकरण करू. नियम त्याचे, विषय तुझा."

"नाव तुझंच राहील," आमोदने लगेच सांगितलं. तो मनापासून बोलत होता, म्हणून नाही म्हणणं जास्त अवघड होतं.

प्रियदर्शनी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या टेबलावरचं एक यंत्र पाण्यातलं फक्त फ्लोराइड मोजायचं, बाकी काही नाही. पण त्याने दिलेल्या आकड्यावर कोणी वाद घालत नसे. हे तिच्या मनात आलं. तिने एवढंच म्हटलं, "आधी एकच सभा दोन्ही नियमांनी खेळून बघू. माझ्या नियमांनी फसली, तर प्रकरण करा."

तिने शब्द दिला होता. आता मागे फिरता येणार नव्हतं.

त्या रविवारी सकाळी खाली मार्केट यार्डाकडे जाणारे टेम्पो हॉर्न वाजवत होते आणि वर टेबलाभोवती चौघे बसले होते: ऋतिकाताई, आमोद, त्यांचा जुना खेळगडी अवधूत आणि अवधूतची बायको नम्रता. विषय प्रियदर्शनीने ठरवला होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक इस्त्रीवालं कुटुंब राहतं, ते सोसायटीच्या नळावर पाणी भरतं. ठराव असा, की तो नळ बंद करावा.

आधी 'सर्वत्र'. नम्रताचं पात्र उठलं आणि म्हणालं, नळ चालू ठेवा. तिच्या पात्राचं मन वळवण्याचं कौशल्य चांगलं होतं. तिने फासा टाकला. अठरा.

"मंजूर," आमोद म्हणाला. "म्हणजे ठराव नामंजूर. नळ चालू."

"झालं?" नम्रताने विचारलं.

"झालं की. अठरा पडले."

"मग तळघरात काही आहे का?" अवधूतने फासा हातात खेळवत विचारलं. "एखादा राक्षस वगैरे? नाहीतर उरलेला वेळ काय करायचं?"

सगळे हसले. आमोदही हसला, पण जरा उशिरा.

मग प्रियदर्शनीने आपली डबी उघडली. आत चिंचोके होते आणि पात्रांची कार्डं.

"नियम सोपे आहेत," ती म्हणाली. "तोंड उघडलं की एक चिंचोका घ्यायचा. ठरावाचा निकाल लागला की ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चिंचोके, त्या विषयाचं काम त्याच्या गळ्यात. प्रत्येकाच्या कार्डावर त्याला काय हवंय ते लिहिलंय. ते साधलं, की तुम्ही जिंकलात."

हा नियम तिने कुठून शोधून आणला नव्हता. धायरीत ती राहायला आली, त्या वर्षी सोसायटीच्या सभेत टाकीचं पाणी एकदा तपासायला हवं, एवढंच म्हणाली होती. "व्वा! तुम्हाला यातलं कळतं, मग तुम्हीच बघा," असं म्हणून मंडळी चहाला उठली होती.

कार्डं वाटली गेली. आमोदच्या वाट्याला बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. कार्डावर लिहिलं होतं: यंदा कोणतंही काम गळ्यात पडू द्यायचं नाही, लेकीकडे बंगळुरूला जायचंय. अवधूत अध्यक्ष झाला. अध्यक्षाला बोलायला चिंचोका लागत नव्हता, पण स्वतःचं मतही मांडता येत नव्हतं. त्याने ठराव वाचला.

कोणी बोललं नाही.

नम्रताने चिंचोक्यांकडे पाहिलं आणि हाताची घडी घातली. ऋतिकाताईंनी कार्ड पुन्हा वाचायला घेतलं. आमोद छताकडे बघत बसला. धायरीत शेजाऱ्यांबरोबर खेळताना लोकांनी चिंचोक्यांची पर्वा न करता तावातावाने भांडण केलं होतं. इथे नियम समजताक्षणी सगळे शहाणे झाले आणि शहाणपणाने गप्प बसले. असं होईल हे प्रियदर्शनीच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अडकला गं तुझा खेळ," ऋतिकाताई हळूच म्हणाल्या.

"एक चिंचोका घ्या, ताई," नम्रता म्हणाली.

"अगं, मी खेळात नाही बोलले!"

"मग दोन घ्या."

प्रियदर्शनीच्या जिभेवर आलं होतं, की जरा थांबा, मी समजावून सांगते. तिने ओठ घट्ट मिटले. डबीबरोबर ती कोणाच्या घरी जाणार नव्हती. जे सांगायचं ते नियमांनीच सांगायला हवं होतं.

अवधूतने अध्यक्षाचं कार्ड उलटं केलं. मागे एकच ओळ होती. ती त्याने अध्यक्षाला शोभेल अशा आवाजात वाचली. "कोणाचाही विरोध नाही असं धरून ठराव मंजूर करण्यात येत आहे. नळ उद्यापासून बंद. एक, दोन..."

"थांबा," आमोद म्हणाला.

त्याने एक चिंचोका उचलला. मग त्याचे गृहस्थ बोलू लागले, आधी अडखळत. ते कुटुंब बारा महिने आपले कपडे करतं. त्यांची मुलगी दहावीला आहे. नम्रताच्या पात्राने विचारलं, वाढीव पाणीपट्टी कोण भरणार? चिंचोका. आमोदने उत्तर दिलं. चिंचोका. ऋतिकाताई म्हणाल्या, आज नळ दिला, उद्या वीज मागतील. आमोद खुर्चीतून अर्धा उठला.

"मागू देत! तुमच्या साडीची घडी कोण घालतं, ताई?"

"माझ्या साडीवर येऊ नका," ऋतिकाताईंनी डोळे वटारले, आणि त्या खेळत होत्या की खरंच चिडल्या होत्या ते कळेना.

आमोदपुढे चिंचोक्यांचा ढीग झाला होता. आपलं काय होणार हे त्याला दिसत होतं. तरी त्याने आणखी एक उचलला.

मतदान झालं. ऋतिकाताईंनी रागावलेला चेहरा तसाच ठेवून हात वर केला, नळाच्या बाजूने. ठराव पडला.

"अभिनंदन, साहेब," अवधूत म्हणाला. "पाण्याचं काम तुमच्याकडे. बंगळुरूचं तिकीट रद्द करा."

"म्हणजे मी हरलो," आमोद म्हणाला. तो चिंचोक्यांकडे पाहत राहिला. मग त्याने प्रियदर्शनीकडे मान वळवली. "माझ्या फाशावर अठरा पडले तेव्हा नळ असाच फुकट चालू राहिला होता. मला त्याचं काही वाटलंही नव्हतं."

तिने घरंगळलेला एक चिंचोका उचलून त्याच्या ढिगावर ठेवला.

"ऋतिकाताई," तो म्हणाला, "हे प्रकरण माझ्या पुस्तकात नको. बसवता येईल, पण बसवल्यावर त्याचंही 'सर्वत्र' होईल, फासा टाकला की झालं."

ऋतिकाताईंनी एक चिंचोका बोटांत फिरवला. "पण प्रियदर्शनी, यात दुसरं काहीच खेळता येणार नाही. राजाचा दरबार नाही, गावची पंचायतसुद्धा नाही. थोडे नियम सैल केले तर?"

"नाही," ती म्हणाली. इतकं सरळ ती आजवर कोणाला नाही म्हणाली नव्हती. "यात फक्त सभा खेळता येते, ताई. ती नीट खेळता येते."

ऋतिकाताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "बरं बाई. वेगळी डबी. पहिल्यांदा थोड्याच काढू, आणि डबीवर मोठ्या अक्षरांत 'सभा' लिहू. म्हणजे नंतर कोणी तक्रार करायला नको." त्यांनी पर्स उचलली. "चला, चहा घेऊ या खाली."

"कुठे निघालात?" आमोदने विचारलं. "सभा तहकूब झालेली नाही. अध्यक्ष, विषय क्रमांक दोन वाचा. आणि ताई, आत्ता चहा म्हणालात, त्याचा चिंचोका घ्या."

ऋतिकाताईंनी पर्स खाली ठेवली आणि मुकाट्याने चिंचोका घेतला. अवधूत विषय क्रमांक दोन वाचू लागला. प्रियदर्शनी भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि तिला नेमकं तेच हवं होतं.